उघाडीची फळी

दार नीट लागत नाही म्हणून ते बिजागरीतून काढून खांद्यावर टाकणारा, सुताराला दाखवायला नेणारा आणि घर मागे तसंच उघडं सोडणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी. फक्त ते दार घराचं नव्हतं, खाजणाचं होतं, आणि आत शिरला तो चोर नव्हता, समुद्र होता.

खाजण म्हणजे आमची खाडीकाठची सखल भातजमीन. डहाणूच्या खाडीला खेटून बसलेली. पलीकडे धाकटी डहाणूच्या होड्यांचे झेंडे दिसतात. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध असतो, आणि शेतातलं पाणी बाहेर काढता यावं म्हणून बांधाच्या पोटात एक दगडी मोरी असते. तिला उघाडी म्हणतात. उघाडीच्या तोंडाशी खाचेत सरकणारी लाकडी फळी. ओहोटीला फळी उचलायची, भरतीला टाकायची. संपलं शास्त्र. आमच्या वडिलांनी हे काम जन्मभर केलं, त्यांच्यामागे दादाने केलं, आणि दादाचे गुडघे बोलायला लागल्यावर ते माझ्याकडे आलं. पन्नाशी उलटल्यावर घराने माझ्यावर टाकलेली ही पहिली जबाबदारी. त्याआधी लग्नकार्यात पाहुण्यांच्या चपला कुठे ठेवायच्या, एवढंच माझं मत घेतलं जाई.

भात कापून झालं होतं, थंडी सरत आली होती, खाजण कोरडं ठणठणीत होतं. त्या दिवशी अमावास्येचं उधाण. फळी टाकायला म्हणून मी सकाळीच बांधावर गेलो, तर फळीचा खालचा कोपरा कुजलेला. आपण किती जबाबदार आहोत हे दाखवायची संधी अशी समोरून चालत आल्यावर मी सोडतो होय! फळी खाचेतून ओढून काढली, खांद्यावर घेतली, सगळ्या आळीतून मिरवत घरी आणली आणि पडवीत उन्हाला उभी केली. सुताराला फोन लावला. तो म्हणाला, उद्या बघतो. मी हातपाय धुतले, जेवलो आणि कर्तव्यदक्ष माणसाला लागते तशी गाढ झोप काढली.

उठलो तेव्हा बायको पडवीत फळीसमोर उभी होती. चित्रांच्या प्रदर्शनात उभं राहतात तशी, जरा लांबून.

"अहो," ती म्हणाली, "ही इथे आहे, तर तिथे काय आहे?"

तिथे काय आहे हे बघायला मी फळी घेऊन पळालो. तिथे भरती होती. खाडी उघाडीतून आत येत होती, घाई न करता, बारशाला आलेल्या बायका येतात तशी, बोलत बोलत. अर्ध्या खाजणात पाणी पसरलेलं. मी मोरीवर उडी मारली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून फळी खाचेत ठोकली. उन्हात वाळून ती आकसली होती, त्यामुळे बसलीही पटकन. घाम पुसला, कृतकृत्य झालो.

हे वाचणाऱ्यांपैकी खाडीकाठचे जे कोणी असतील त्यांनी एव्हाना कपाळावर हात मारला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. उघाडी तशीच उघडी सोडली असती तर आत आलेलं पाणी ओहोटीबरोबर आपसूक निघून गेलं असतं. मी चोर घरात असताना दार लावून घेतलं होतं. आणि फळी रात्रीतून पाणी पिऊन अशी फुगली, की दुसऱ्या दिवशी ती काढायला गेलेल्या सुतारासकट आम्ही दोघे तिला लोंबकळलो तरी ती हलेना. "लाकूड चांगलं आहे हो," सुतार म्हणाला. "कुजलंय कुठे?"

एरवी हे आळीत चार दिवस हसण्यापुरतं झालं असतं. पण त्या वर्षी खाजणाचा मुहूर्त ठरलेला होता.

दादाला तिथे पार्टी प्लॉट करायचा होता. ही आमच्याकडे गुजरातेतून सरकत आलेली चीज. अच्छाडचा नाका ओलांडला की हायवेला दोन्ही बाजूंनी दिसतात: सपाट हिरवळ, स्टेज, दिव्यांच्या माळा, आणि मधे एक कारंजं, जे लग्नाच्या दिवशीच बिघडतं. दादाचं म्हणणं, भातात काय उरलंय? त्याचं चूक नव्हतं. मीही भातशेती करतो. काय उरतं ते मला ठाऊक आहे. तलासरीकडच्या डोंगरातून मुरूम आणायचा, खाजण रस्त्याच्या पातळीला आणायचं, वर लॉन. डंपरवाला येऊन बघूनही गेला होता. "शेठ, काय टेन्शन नको," तो म्हणाला होता, "बे दिवसमां सपाट करी आपीश." म्हणजे दोन दिवसांत.

अडचण एकच. आपला हा तालुका कागदोपत्री फार नाजूक प्रकृतीचा. इथे कुठे काही भरायचं, बांधायचं म्हटलं की दहा दारं ठोठावावी लागतात, आणि पाणथळ जागा भरायचं तर नावच काढायचं नाही. म्हणून दादाने अर्ज केला होता की ही जागा पाणथळ नाही, कोरडी पडीक आहे, आणि तालुक्याहून एक साहेब ती बघायला येणार होते. थंडी सरतानाचा काळ दादाने मुद्दाम निवडला होता. तेव्हा खाजणात भेगा पडतात, धूळ उडते. बघणाऱ्याला वाळवंटच वाटावं.

माझ्या बायकोला पार्टी प्लॉट नको होता. तिचं कारण पक्षीबिक्षी नव्हतं, तिचं कारण स्वयंपाकघर होतं. दादाने नवं घर बांधलं ते रस्त्याकडे, उंच जोत्यावर. आम्ही जुन्या जागी, चिकूच्या वाडीच्या खालच्या टोकाला, आणि आमच्या मागच्या दाराला लागून खाजण सुरू होतं. पावसाळ्यात रस्त्याचं, आळीचं, वाडीचं, सगळं पाणी आमच्या घराच्या बाजूने धावत खाजणात उतरतं. खाजण ते निमूट पोटात घेतं आणि ओहोटी लागली की उघाडीतून खाडीला देतं. खाजण भरलं की पाण्याला पहिली थांबायची जागा म्हणजे आमची चूल.

आता, आमच्याकडे धाकट्या सुनेने थोरल्या दिरासमोर वाद घालायची पद्धत नाही. माझी बायको पद्धत मोडत नाही. ती माझ्याशी बोलते, फक्त दादाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"काय हो," ती दादा चहाला बसलेला असताना मला म्हणे, "पावसाळ्यात गॅस पोटमाळ्यावर ठेवू का? म्हणजे मी शिडीवर उभी राहून भाकऱ्या भाजीन. लॉनवरून वऱ्हाडाला दिसतीलही."

दादा माझ्याकडे बघून उत्तर देई. "तिला सांग, गटार काढणार आहोत. मोठं."

"गटार कुठे जाणार म्हणे?"

"खाडीत."

"चढावर?"

मग दोघेही माझ्याकडे बघत. मी बशीत चहा ओतत असे. घरात दोन धर्म असले की टपालखातं सांभाळणाऱ्याने कुठलाच पाळायचा नसतो, या तत्त्वावर माझी पंचवीस वर्षं सुखाने गेली होती. मी दादाला होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. दादाने त्याचा अर्थ हो असा घेतला होता, बायकोने नाही असा, आणि दोघांचाही माझ्यावर विश्वास होता.

अशा वेळी मी खाजणात समुद्र भरून ठेवला.

दादाने बांधावर येऊन पाण्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाला, "साहेब सोमवारी येतायत. पाणी काढ."

पाणी निघेना. फळी हलेना, पंप लावला तर तो चिखल ओढून गुदमरला. ऊन मात्र चांगलं होतं. पाणी आपल्या आपण आटायला लागलं, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. इथेच आमचा घोळ झाला. पाण्याबरोबर खाडीतून बोयटं, कोळंबी, निवटे, काय काय आत आलं होतं. पाणी जसजसं आटलं तसतसं ते सगळं थोड्या जागेत गोळा होत गेलं. म्हणजे मी नकळत पंगत मांडून ठेवली होती, आणि ती दिवसेंदिवस जास्त भरगच्च होत चालली होती.

पहिले बगळे आले. बगळे येतातच. मग पाणकावळे आले आणि बांधावर पंख पसरून उभे राहिले, ओले शर्ट वाळत घातल्यासारखे. मग लाल काड्यांवर चालणारे काळेपांढरे बारीक पक्षी आले, आणि एका सकाळी मागच्या दारातून पाहिलं तर मोठाले पांढरे, पिवळ्या चोचीचे आणि शेपटाकडे गुलाबी झाक मारणारे, कमरेएवढ्या उंचीचे पाहुणे खाजणभर उभे. मला पक्ष्यांतलं कळतं ते एवढंच, की कोंबडीला पंख असतात. पण हे मीही दात घासायचा थांबून बघितले. चोच अर्धी उघडी ठेवून पाण्यात बुडवायची, एका पायाने चिखल ढवळायचा, आणि चोचीला काही लागलं की ती खटकन मिटायची. हरवलेली अंगठी शोधणाऱ्यासारखे चाचपडत चालायचे. चिखलात हात घालून निवटे पकडणारी माझी आजी याच चालीने चालायची, असं मनात आलं आणि मी ते मनातच ठेवलं.

दादाचा फोन आला. "हाकल त्यांना."

मी तेलाचा रिकामा डबा आणि लाटणं घेऊन गेलो. बायकोने लाटणं दिलं, हे नमूद करतो. बांधावरून डबा बडवला. बगळ्यांनी मान वळवली. मी आणखी पुढे सरकलो, बांधावरून उतरलो आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो. तिथेही बडवत राहिलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. अखेर तो सगळा समाज एकदम उठला. त्या मोठ्यांचे पंख डोक्यावरून गेले तेव्हा वारा लागला, खरोखर लागला, आणि खाजणावर सावल्याच सावल्या फिरल्या. मी डबा बडवायचा विसरलो. एक मोठी गिरकी घेऊन ते सगळे गेले आणि दादाच्या अंगणातल्या सुरूच्या झाडांवर बसले. खाली दादाची पांढरी गाडी उभी होती. मासे खाणाऱ्या पक्ष्याचं पोट फार चालू असतं, एवढं त्या दिवशी आमच्या आळीला कळलं.

एका तासात ते परत खाजणात. माझी एक चप्पल मात्र अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी डहाणू रोडहून रिक्षाने एक जोडपं आलं, बोरिवलीचं, गळ्यात दुर्बिणी आणि उखळी तोफेएवढा कॅमेरा. कुणीतरी मोबाइलवरून कुणालातरी फोटो पाठवले होते. ते बांधावर पालथे पडले आणि कुजबुजत नावं घ्यायला लागले. गुलाबी झाकवाले म्हणजे चित्रबलाक. लाल काड्यांवरचे शेकाटे. मी मागे चिखलाचे पाय घेऊन उभा.

"सर, इथलं पाणी कोण मॅनेज करतं?" त्यातल्या बाईंनी विचारलं.

"मी," मी म्हणालो. खोटं काय बोलायचं.

"इतकी बरोबर लेव्हल ठेवलीय तुम्ही. मुद्दाम भरून घेतलंत ना, आणि आता हळूहळू उतरवताय?"

"हळूहळूच उतरतंय," मी म्हणालो.

त्यांनी मला समजावून सांगितलं, की असंच करायला हवं असतं. पाणी खोल राहिलं तर आखूड पायांच्यांना उभं राहता येत नाही, एकदम काढलं तर कुणाला काही मिळत नाही. आणि किनाऱ्याने अशा जागा झपाट्याने भरल्या जातायत, तेव्हा तुमच्यासारखा शेतकरी म्हणजे, वगैरे. जाताना त्यांनी माझा फोटो काढला. मी पोट आत घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वेंधळेपणाला कुणी नियोजन म्हटलं होतं. मी ते घरी येऊन बायकोला सांगितलं.

"त्यांना फळीचं सांगितलंत?"

"नाही."

"मग ठीक," ती म्हणाली आणि तांदूळ निवडत बसली. मग मान वर न करता म्हणाली, "सोमवारी साहेब तुम्हालाच विचारणार. सातबारावर तुमचंही नाव आहे. काय सांगणार?"

मी म्हणालो, बघू. हे माझं आवडतं क्रियापद. ती उठली आणि स्वयंपाकघरातले खालच्या फळ्यांवरचे डबे वरच्या फळ्यांवर ठेवायला लागली. बाहेर कडक ऊन, पावसाचं नाव नाही. मी म्हणालो, "आत्तापासून?" ती म्हणाली, "सवय करते." पिठाचा डबा तिला उचलेना. मी उचलून दिला. ती मदत होती की कबुली, मला ठरवता आलं नाही.

सोमवारी साहेब आले. तरुण होते, मोजे काढून बुटात कोंबून हातात बूट घेऊन बांधावर चढले. दादाने इस्त्रीचा सदरा घातला होता. बायको वाडीच्या कडेला पडलेले चिकू वेचत होती. त्या झाडाखाली चिकू पडलेले नव्हते.

त्या दिवशी पाणी सगळ्यात कमी होतं आणि त्यामुळे पक्षी सगळ्यात जास्त. खाजणात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणजे आम्हाला. साहेब बघतच राहिले.

"अर्जात कोरडी लिहिलंय," ते म्हणाले.

"कोरडीच आहे साहेब," दादा म्हणाला. "हे यंदाच. ह्या गाढवामुळे." आणि त्याने माझ्याकडे बोट केलं. "फळी काढून घरी घेऊन आला. विचारा कुणालाही आळीत. एरवी इथे टिपूस नसतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं का हो?"

दादा खरंच बोलत होता, पंचाईत तीच होती. मी गाढवपणा केला होता, फळी घरी आणली होती, आळी साक्षीला होती. मी फक्त हो म्हणायचं होतं. हो हा शब्द मी दादाला इतक्यांदा म्हटलाय, की तो आपोआप जिभेवर येऊन बसतो. वडील गेले तेव्हा माझी फी दादाने भरली, माझं लग्न त्याने उरकलं, त्याच्या गुडघ्यांची झीज झाली ती याच बांधावर येजा करून. मी वाडीकडे बघायचं टाळलं आणि तरी मला दिसलं, की ती वाकलेली होती आणि वेचत काही नव्हती.

"फळी मी काढली," मी म्हणालो. "ते खरं."

दादाने मान डोलावली.

"पण साहेब, पाणी मी आणलं नाही. पाण्याला इथेच यायचं असतं, म्हणून तर फळी ठेवावी लागते. तुम्ही आषाढात या. या बांधावर उभे राहा. कमरेइतकं असतं, गोडं. सगळ्या आळीचं. ते इथे मावतं म्हणून आमच्या घरात येत नाही. हे भरलं तर..." पुढे मला वाक्य सुचेना. "तर ते घर आहे ना, त्यात माझ्या बायकोचं स्वयंपाकघर आहे," मी म्हणालो आणि बोटाने दाखवलं.

साहेबांनी घराकडे पाहिलं, खाजणाकडे पाहिलं, उतार कुठून कुठे जातो ते पाहिलं. मग म्हणाले, "मग मी कोरडी कसं लिहू?"

 एक चित्रबलाक चोचीत मासा धरून वर मान करून तो गिळत होता आणि आम्ही तिघे, दुसरं काही नसल्यासारखे, तो मासा घशाखाली उतरेपर्यंत बघत राहिलो. साहेब उतरले, बूट घातले, बायकोने त्यांना पिशवीभर चिकू दिले. ते कुठून आले माहीत नाही. दादा त्यांच्या मागे न जाता वाडीतून सरळ, एकेक पाय जपून टाकत, आपल्या घरी गेला.

संध्याकाळी डंपरवाल्याचा फोन आला. मी म्हणालो, नको. त्याने विचारलं, कधी मग? मी म्हणालो, दादाला विचार. सवय जात नाही.

खाजणातलं खाणं संपल्यावर पक्षीही उठून गेले. मागे राखाडी चिखल, पिसं आणि असा वास, की पार्टी प्लॉट झालाच असता तरी पहिल्या वर्षी वऱ्हाड जेवलं नसतं. भाताची जमीन खारवट होईल म्हणून मी घाबरलो होतो. आळीतले म्हणाले, दोन पाऊस चांगले पडले आणि उघाडी नीट उघडी राहिली की धुऊन निघेल. नीट म्हणताना ते माझ्याकडे बघून म्हणाले.

दादा मात्र आमच्या पडवीत येईना. पंचवीस वर्षं रोज संध्याकाळचा चहा तो आमच्याकडे घेत आला; आता रस्त्यावरून जाताना मान दुसरीकडे. वहिनी येत होती, साखर मागायच्या निमित्ताने, पण त्याचं नाव काढत नव्हती. मी रोज दोन कप ओतायचो आणि एक परत पातेल्यात टाकायचो. जे वाचलं त्याचा आनंद करावा तर पडवी रिकामी. बायको हे बघत होती. माझ्याशी मोठ्याने बोलायचं तिला कारणच उरलं नव्हतं.

मग एका दुपारी ती बाजारातून खाडीचे खेकडे, म्हणजे चिंबोऱ्या घेऊन आली, चांगल्या भरलेल्या. पाट्यावर वाटण घेतलं आणि खोबऱ्याचा वास वाडीभर पसरला. मी पाट्याशी जाऊन उभा राहिलो, तर तिने मला ताटं मांडायला सांगितलं. तीन.

"मी जाऊन दादांना बोलावून आलेय," ती म्हणाली. "त्यांच्याशीच बोलले, तुमच्याशी नाही. येतो म्हणालेत. मोठ्या नांग्या त्यांच्या ताटात जातील, तुम्ही बघायचं नाही. आणि बोलायचंच झालं तर तोंडात घास असताना बोला, म्हणजे काय बोललात ते कुणाला कळणार नाही."